'फोटोत वेगळी वाटली होती' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न पारोळा तालुक्यातल्या एका भावाचा आहे. बहिणीच्या लग्नासाठी बायोडाटा बनवला, शहरातल्या स्टुडिओत फोटो काढला आणि स्टुडिओवाल्याने न सांगताच चेहरा 'साफ' करून दिला. पाहुणे बघायला आले, चहा-पोहे झाले, बोलणंही बरं झालं. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला: 'मुलगी फोटोत वेगळी वाटली होती.' आता बहीण म्हणते, पुढच्या वेळी याहून भारी फोटो काढू. भाऊ विचारतो, चूक फोटोची की बघणाऱ्यांची? टीव्ही-मोबाइलवरची चित्रं माणसाच्या अपेक्षा खरंच एवढ्या बदलतात का?

भाऊ, मी १९९१ पासून धुळ्यात आग्रा रोडलगतच्या एका बोळात स्टुडिओ चालवतो. मधली नऊ-दहा वर्षं एका दैनिकासाठीही फोटो काढले. बायोडाट्याचे फोटो किती काढले याची मोजदाद नाही आणि त्यातले किती 'साफ' केले याची तर नाहीच. म्हणून पहिलं उत्तर सरळ देतो. चूक फोटोवाल्याची आहे. पण पाहुण्यांनी तुमच्या ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच त्यांच्या डोक्यात एक मुलगी येऊन बसलेली होती, आणि ती काही एकट्या फोटोवाल्याने बसवलेली नव्हती. हे प्रकरण जरा लांबचं आहे, म्हणून उत्तरही लांबणार.

आधी माझी एक फजिती ऐका. १९९६ किंवा ९७ साल असेल. शिंदखेड्याकडची एक आजी स्टुडिओत आली. नवरा वारून महिना झालेला. त्याचा एकुलता एक फोटो होता, तोही भाच्याच्या लग्नातल्या ग्रुपमधला. तिसऱ्या ओळीत उभा, टोपीची एक बाजू पुढच्याच्या डोक्यामागे गेलेली. त्यातून चेहरा कॉपी करून बारा बाय पंधराचा करायचा, फ्रेम करायची. मोठा केल्यावर डाव्या भुवईच्या वर बैलाच्या शिंगाची जुनी खूण ठसठशीत दिसायला लागली. मला वाटलं, भिंतीवर कायमचा राहणारा फोटो, ही खूण कशाला? निगेटिव्ह टेबलावरच्या काचेवर ठेवली, टोकदार पेन्सिल घेतली आणि तासभर बसून खूण बुजवली. हात लागलाच होता तर डोळ्यांखालच्या सुरकुत्याही हलक्या केल्या. पैसे जास्त लावले नाहीत. मनात म्हटलं, म्हातारी खूश होईल.

तिने फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडे बघून अहिराणीत म्हणाली, "हाऊ कोन शे?" म्हणजे, हा कोण आहे?

मी म्हटलं, आजी, तुमचेच आहेत.

"मंग त्यासना कपायवरनी खूण कोठे गयी?"

टर्पेंटाइनच्या बोळ्याने निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली आणि संध्याकाळपर्यंत दुसरा फोटो छापून दिला.

ही गोष्ट मी बरीच वर्षं गंमत म्हणून सांगायचो. तिच्यात काय आहे ते उशिरा कळलं. आजीकडे माणूस आधी होता, फोटो मागून आला. तिने फोटो माणसाशी ताडून पाहिला आणि फोटो नापास केला. तुमच्या पाहुण्यांकडे फोटो आधी गेला, मुलगी मागून समोर आली. त्यांनी मुलगी फोटोशी ताडून पाहिली. जे आधी येतं ते माप होतं आणि मागून येणाऱ्याला त्या मापात बसावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं यातच आहे. पूर्वी आपण बहुतेक गोष्टी आधी बघायचो आणि त्यांची चित्रं मागून. आता बहुतेक गोष्टींची चित्रं आधी येतात.

आता 'साफ' करण्याबद्दल. लोकांना वाटतं हे मोबाइलच्या फिल्टरने सुरू झालं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद काचेच्या प्लेटच्या जमान्यातले होते. त्यांच्या टेबलावर पाच नंबरच्या पेन्सिली आणि एक छोटी धारदार पाती कायम असायची. पेन्सिलने उजळ करायचं, पातीने खरवडून गडद. पूर्वी एका चेहऱ्याला एक तास लागायचा म्हणून रिटचिंग महाग होतं, म्हणून कमी होतं. आज फोन फोटो काढतानाच ते करून टाकतो, आणि कित्येक फोनमध्ये 'ब्यूटी' चालूच करून देतात. बंद करायला चार ठिकाणी बोट घालावं लागतं. फरक एवढाच पडला की हात थांबायचं कारण संपलं.

रंगाचं तर आणखीच जुनं आहे. कलर फिल्म आली तेव्हा लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुन्याचा फोटो असायचा. कोडॅकच्या त्या कार्डाला धंद्यात 'शर्ली कार्ड' म्हणायचे. १९५०च्या दशकापासून त्यावर गोरी बाई असायची. तिची कातडी नीट छापली गेली की मशीन बरोबर लागलं असं समजायचं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड कोडॅकने काढलं ते थेट १९९०च्या दशकात. म्हणजे ज्या मापाने यंत्र बसवलं होतं त्यात आपल्याकडचा सावळा माणूस धरलेलाच नव्हता. छापून यायचा तो मळकट, काळपट, डोळे आणि दात तेवढे चमकणारे. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, जरा उजळ करा ना." त्यात त्याचं काय चुकलं? फोटो त्याला होता त्याहून काळा दाखवत होता. आम्ही उजळ करायला लागलो, आधी होता तेवढा, मग थोडा जास्त, मग सवयच लागली. शेतात राबणाऱ्या पोरीच्या बायोडाट्यात 'वर्ण: गोरा' लिहायचं आणि फोटो त्याला जुळवून आणायचा, हा आमच्या धंद्याचा रिवाज झाला. मीही तो पाळलाय.

जाहिरातवाल्यांनी यावर कळस चढवला. काळी मुलगी उदास, क्रीम लावली की नोकरी, नवरा आणि स्टेजवरच्या टाळ्या. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या 'आस्की' या संस्थेला २०१४ मध्ये नियम करावा लागला की सावळ्या रंगाच्या माणसाला दुःखी, कमनशिबी किंवा लग्नाच्या बाजारात मागे पडलेला दाखवू नका. २०२० मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्दही गेला. नाव बदललं तेव्हा माझ्याकडे एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "गोरी नका करू हो, जरा ग्लो आणा." काम तेच होतं.

भिंगाचीही एक भानगड सांगतो, कारण तुमच्या बहिणीने घरी सेल्फी काढून स्वतःला नावं ठेवली असणार. फोनचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक फोनच्या जवळ आणि कान लांब, म्हणून नाक फुगतं आणि कपाळ पुढे येतं. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद येतं. डॉक्टर यात पडले कारण लोक सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन मागायला लागले होते. म्हणजे आधी भिंग नाक बिघडवणार, मग फिल्टर ते बारीक करणार, आणि या दोघांच्या मध्ये पोरीचं खरं नाक कुठेच नाही. आरशातला चेहराही उलटा असतो, त्यामुळे फोटोतला सरळ चेहरा आपल्याला नेहमी थोडा वाकडा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण म्हणतात, 'मी असा दिसत नाही.' त्यांना घेऊन आलेला भाऊ किंवा मैत्रीण म्हणते, 'असाच दिसतोस की.'

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग, अपेक्षा खरंच बदलतात का. बदलतात, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाने सांगितलेलं तुम्हाला पटणार नसेल तर फिजी बेटांचं उदाहरण घ्या. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. अ‍ॅन बेकर नावाच्या डॉक्टर तिथे आधीपासून अभ्यास करत होत्या. तिथे भरलेलं अंग म्हणजे खातंपितं घर, बारीक झालेल्या माणसाची उलट काळजी करायचे. बेकर यांनी १९९५ मध्ये शाळेतल्या मुलींना विचारलं तेव्हा बारीक होण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी त्याच वयाच्या मुलींना विचारलं तर ११.३ टक्के मुली असं करत होत्या, आणि ७४ टक्के मुलींना आपण कधी ना कधी फार जाड वाटलो होतो. अभ्यास लहान होता, दोन्ही वेळेस साठ-पासष्ट मुली. त्या काळात गावात टीव्ही सोडून इतर गोष्टीही बदलत असणार. तरी तीन वर्षं हा काळ किती थोडा आहे बघा. आपल्याकडेही 'अंगाने भरलेली आहे' ही सुनेची तारीफ होती. माझ्या आईच्या तोंडून मी ती ऐकली आहे. आता तेच वाक्य बोलून बघा एखाद्या मुलीसमोर.

आणि यात मोठा घोळ असा की चित्र खोटं आहे हे माहीत असून उपयोग होत नाही. नॉर्वेने २०२१ मध्ये कायदाच केला की जाहिरातीत शरीराचा आकार किंवा कातडी बदलली असेल तर तसा शिक्का फोटोवर मारायचा. हेतू चांगला आहे. पण अशा शिक्क्यांवर जे अभ्यास झाले त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं की शिक्का वाचूनही बघणारीला स्वतःबद्दल तेवढंच वाईट वाटतं. मला याचं नवल वाटलं नाही. तीस-पस्तीस वर्षं मी हेच करतोय, कुठल्या गालावर काय फिरवलंय ते मला लांबून दिसतं. तरी गेल्या वर्षी मुलाने नवा फोन घेतला आणि त्यात माझा बिनफिल्टरचा फोटो काढला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अरे, हा फोन चांगला नाही."

माणसांचं सोडून जरा जेवणाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका ढाबेवाल्याने मेन्यूकार्डासाठी शेवभाजीचा फोटो काढायला बोलावलं. आपली शेवभाजी म्हणजे भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला. चवीला जहाल, पण कॅमेऱ्यात चिखलासारखी दिसते. मग काय करायचं? रस्सा वाटीत घेतला, वेगळ्या कढल्यात तेलात लाल तिखट सोडून ती तर्री ब्रशने वरून फिरवली. शेव अगदी शेवटच्या क्षणी कोरडी टाकली, नाहीतर ती फुगून मऊ पडते. कोथिंबीर पाण्यात बुडवून झटकली. फोटो झकास आला. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तर भाजी खरंच लाल झालेली. मालक म्हणाला, "पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोटो दाखवून म्हणायचं, ही अशी द्या. मग काश्मिरी तिखट टाकायला लागलो." काळा मसाला त्याने कमी केला होता. मी ब्रशने फिरवलेली एक खोटी तर्री शेवटी त्याच्या कढईत जाऊन पडली. त्या भाजीचे पैसे मी दिले, पण संपवली नाही.

रावेर-यावलकडची केळी घ्या. पिकून सालीवर तपकिरी ठिपके आले की केळं गोड झालं, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. जाहिरातीसाठी फोटो काढताना आम्ही देठाकडे हिरवट असलेली, अर्धी कच्ची फणी घेतो, कारण दिव्याखाली ती तासभर टिकते. शहरातलं गिऱ्हाईक त्या पिवळ्याधमक केळ्याला माप धरतं आणि ठिपकेवाली बाजूला सारतं. आणि त्या ठिपक्यांमुळे व्यापारी भाव पाडतो तो शेतकऱ्याचा.

अजिंठ्याला तर ही गंमत डोळ्यांसमोर घडली. माझे मेहुणे पुण्याहून आले होते, फर्दापूरला गाडी लावून आम्ही वर गेलो. पहिल्या लेणीत काळोख, आत थोडेच लोक सोडतात, फ्लॅश चालत नाही. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभं राहून मेहुणे दोन मिनिटं बघत राहिले, मग खिशातून फोन काढला, त्यावर पद्मपाणीचा फोटो उघडला आणि भिंतीकडे पाठ करून तो बघायला लागले. म्हणाले, "यात नीट दिसतोय." मी हसलो, पण त्यांची चूक कशी म्हणू? दीडेक हजार वर्षांपूर्वीचं चित्र अंधुक उजेडात बघायला डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. फोनवर ते आधीच उजळून, कापून, नीट करून ठेवलेलं असतं.

आणि चांगली नक्कल मिळावी म्हणून मूळ चित्राचं काय झालं तेही ऐका. १८१९ मध्ये ही लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं बसून त्यांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थी घेऊन आले. रंग ठळक दिसावेत म्हणून भिंतीवर व्हार्निश फिरवलं गेलं. पुढे १९२०च्या सुमारास निजामाने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. चित्रं टिकावीत म्हणूनच दिला, पण तोही पिवळा पडत गेला. तेच थर पुरातत्त्व खात्याला पुढे काढत बसावं लागलं. ढाबेवाल्याच्या कढईत झालं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

म्हणजे बनवलेलं प्रत्येक चित्र वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या चाळीसगावात केकी मूस नावाचे फोटोग्राफर होऊन गेले. स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यांनी जवळजवळ सारं आयुष्य घराबाहेर न पडता काढलं. १९८९ मध्ये गेले. टेबलावर घरातलं सटरफटर मांडून, दिवे लावून ते असा देखावा उभा करायचे की बघणाऱ्याला परदेशातली बर्फाची रात्र वाटावी. चाळीसगावच्या उन्हात! त्या फोटोंना देशोदेशी बक्षिसं मिळाली. मी पहिल्यांदा ते बघितले तेव्हा मला घाम फुटला होता आणि फोटोत थंडी होती. त्यात फसवणूक कुठे आहे? टेबलटॉप म्हणून ते मांडलेले असत, टेबलावर केलेलं आहे हे उघड होतं. बायोडाट्याच्या फोटोखाली 'टेबलटॉप' कोण लिहितं?

आता वर्तमानपत्राच्या दिवसांबद्दल, कारण तिथे मी याहून मोठं नुकसान केलं असेन. एप्रिल-मेमध्ये डेस्कवरून फोन यायचा, "दुष्काळाचं काहीतरी पाठव. भेगा पाहिजेत." मी शेतात जाऊन, पोटावर झोपून, भेग मोठी दिसेल असा फोटो काढायचो. मागे डोक्यावर हंडा घेतलेली बाई सापडली तर सोन्याहून पिवळं. पण आपली काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळतेच, चांगला पाऊस पडलेल्या वर्षीही. शेतकरी म्हणतो, जमीन तापली पाहिजे. धरणाच्या तळाची भेग तर जिथे पाणी होतं तिथलीच. खरा दुष्काळ कसा दिसतो? कडब्याच्या पेंढीचा भाव चढतो, आठवडे बाजारात गुरं दुप्पट येतात आणि निम्म्या किमतीला जातात, गावात टँकर रात्री दोनला येतो. यातल्या कशाचाच 'भारी' फोटो होत नाही. मग होतं असं की, ज्या वर्षी भेगांचा फोटो आला नाही त्या वर्षी दुष्काळच नाही, असं मुंबईला वाटतं. पाहणीला आलेला एक साहेब बांधावर उभा राहून "इथे एवढं काही वाटत नाही" म्हणाला, ते मी स्वतः ऐकलंय. त्याच्या डोक्यातलं माप मीच छापलं होतं.

नंदुरबारचं तसंच. तिथून दोनच प्रकारचे फोटो मागायचे. पावसाळ्यात खाटेवरचं कुपोषित मूल, फाल्गुनात काठी गावच्या होळीतला मोरपिसांचा टोप आणि कमरेचे घुंगरू. दोन्ही खरे आहेत. पण अक्कलकुव्याचा शिक्षक, मोलगीची दुकानदार बाई, नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळवताना शिंकून बेजार झालेल्या मजूर बायका, यांचा फोटो कोणी मागितला नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड तिथल्याच टेंभली गावात दिलं गेलं, पंतप्रधान आले होते. तो फोटो देशभर छापून आला. पुढच्या वर्षांत तिथल्या लोकांची कामाची, पोटाची रडगाणी बातम्यांत आली ती आतल्या पानावर. परिणाम असा की माझ्या ओळखीतला नंदुरबारचा एक पोरगा पुण्यात कॉलेजला गेला तर त्याला विचारलं, तुमच्याकडे कपडे घालतात का? पोराचे वडील बँकेत अधिकारी.

अमेरिकेत जॉर्ज गर्बनर यांनी टीव्हीवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की जो माणूस खूप टीव्ही बघतो त्याला जग असतं त्याहून जास्त धोक्याचं वाटायला लागतं. परिणाम छोटा असतो, पण रोज थोडा थोडा साचत जातो. हे वाचताना मला एकच गाव आठवतं.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. त्या महिन्यांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फोनोफोनी फिरत होते. देशभर फिरलेली त्यातली एक क्लिप अशी: मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. ती कराचीच्या एका जनजागृतीच्या फिल्ममधली होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला होता. त्या रविवारी राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. बाजारात एका लहान मुलीशी बोलले एवढं निमित्त झालं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

गावाने मुलं पळवणारा कधी पाहिलेला नव्हता. चित्र तेवढं पाहिलेलं होतं. मग अनोळखी माणूस समोर आला आणि तो त्या चित्रात बसवला गेला.

ती कराचीची क्लिप माझ्याही फोनवर आली होती, नात्यातल्याच एका ग्रुपवर. लग्नाचे व्हिडिओ कापण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. ती अचानक तुटते हे मला पहिल्यांदा बघतानाच दिसलं होतं, पुढे काहीतरी असणार हेही कळलं होतं. मी ती पुढे पाठवली नाही. पण ग्रुपवर 'ही कापलेली आहे' एवढंही लिहिलं नाही. कशाला वाद, म्हणून फोन खिशात टाकला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हापासून कुठलाही फोटो किंवा व्हिडिओ आला की मी आधी कडा बघतो. डावीकडे काय कापलंय, सुरुवात कुठून केली, शेवट कुठे तोडलाय. मधला भाग बहुतेक वेळा खराच असतो.

आता तुमच्या बहिणीकडे येऊ. तिचं म्हणणं, याहून भारी फोटो काढू. तो काढलात तर पुढच्या पाहुण्यांच्या डोक्यातलं माप आणखी वर जाईल आणि तीच मुलगी आणखी कमी वाटेल. उलट माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता सांगतो, फोटो मुलीपेक्षा जरा कमीच असू द्या. समोर आल्यावर 'फोटोपेक्षा चांगली आहे' असं पाहुण्यांना वाटू द्या. यात माझा धंदा थोडा कमी होतो, होऊ दे. पाहुणे वाईट होते असंही धरू नका. त्यांनाही कोणीतरी आधी चित्र दिलं होतं. पण पुन्हा कोणी 'फोटोत वेगळी' म्हणालं तर मध्यस्थाला स्पष्ट विचारा, वेगळी म्हणजे काय? रंग म्हणायचाय का? तसं म्हणायला लावलं की निम्मे लोक गडबडतात, आणि उरलेल्यांच्या घरात बहीण गेली नाही हे बरंच झालं.

स्टुडिओत जाऊ नका, माझ्याही नाही. घरीच काढा. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास, ओसरीत किंवा दारात, ऊन अंगावर येणार नाही पण उजेड समोरून येईल असं तिला बसवा. फोनमधलं 'ब्यूटी' शून्यावर आणा. दोन-अडीच मीटर लांब उभे राहा आणि दोनपट झूम करा, जवळ जाऊ नका. फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. मागे जे आहे ते राहू द्या, धान्याची कोठी असली तरी चालेल. एक फोटो पूर्ण उभा, एक बसलेला, आणि एक ती रोज जे काम करते ते करताना, शिवणयंत्रावर असो की लॅपटॉपवर. पहिले दहा-बारा फोटो धरूच नका, त्यात सगळे पासपोर्टसारखे येतात. मग आई स्वयंपाकघरातून काहीतरी विचारते, ती मान वळवून उत्तर देते, तेव्हा काढा. आणि त्यातला कुठला पाठवायचा हे तुम्ही ठरवू नका, तिला ठरवू द्या.